हजारात सहा दाणे

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही गावांत मिळून पाकिटाची मागची बाजू माझ्याइतकी कुणी वाचली असेल, तर त्याने खुशाल समोर यावं! मी त्याला चहा पाजीन, आणि चहा उकळेपर्यंत चहापत्तीच्या पाकिटावरचा सगळा मजकूर पाठ म्हणून दाखवीन, तक्रारीच्या पत्त्यासकट.

लोक बिस्किटं खातात. मी ती आधी वाचतो आणि मग खातो. हा माझा धंदाच आहे. उल्हासनगरात कॅम्प तीनला मुकेशशेठचा लेबलं छापायचा प्रेस आहे, आणि तिथे मी १९९५ पासून प्रुफं तपासतो. लोणची, फरसाण, अगरबत्ती, केसांची मेंदी, काय वाट्टेल ते! सरकारने शाकाहारी मालावर हिरवा ठिपका सक्तीचा केला, तेव्हा एका पापडवाल्याच्या लेबलावर तो राहूनच गेला होता. छपाई सुरू होणार तेवढ्यात मी ओरडलो, "थांबा! ठिपका!" मशीन थांबलं. हा प्रसंग मी माझ्या बायकोला, प्रीतीला, लग्नापासून चाळीस वेळा तरी सांगितला असेल. ती म्हणते, "पापडाचा ठिपका दिसतो, पण घरातलं मीठ संपलेलं कधी दिसत नाही तुम्हाला!"

तर अशा या तज्ज्ञाने २००६ साली काय घोळ घातला, त्याची ही हकीकत.

सुरुवात झाली माझ्या पोटापासून. मुकेशशेठचा मेहुणा अमेरिकेहून आला, तेव्हा त्याने प्रेसमधल्या सगळ्यांना काहीबाही दिलं. कुणाला पेन, कुणाला साबण. माझ्या पोटाकडे बघून मला दिलं दोन किलो सोयाबीन!

"प्रोटीन है साईं," मुकेशशेठ म्हणाले. "इसकी रोटी खा, पेट अंदर! आणि ओरिजिनल यूएसए आहे हां, अपना वाला नहीं!"

'मेड इन यूएसए' म्हणजे 'मेड बाय उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद कल्याणच्या पुढे जन्मलेल्या प्रत्येकाला बाळगुटीबरोबर मिळतो. म्हणून मी ते पाकीट पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचलं. माल खरोखर अमेरिकेचा होता. खटकण्यासारखं एक अक्षर नव्हतं. घरी येऊन दाणे पत्र्याच्या चौकोनी डब्यात भरले, त्यावर प्रेसमधलं, माझ्या नावाचं चंदेरी स्टिकर डकवलं, 'सम्यक. शुद्ध सोया. प्रॉडक्ट ऑफ यूएसए', आणि डबा गिरणीत दिला. प्रीतीने दोन दिवस त्या पिठाच्या पोळ्या केल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "राहू दे तुमचं पोट. मला चालतं." डबा फ्रिजवर गेला, आणि मी ते सगळं विसरून गेलो.

आता आईची ओळख करून देतो. आईचं नाव रखमा. बाबा शहाडच्या एका कंपनीतून रिटायर झाले, तेव्हा आम्ही चाळ सोडून बदलापूरच्या सोनिवलीत नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला. बाबा त्या फ्लॅटमध्ये दोनच वर्षं राहिले. आई मात्र तिथे पहिल्या महिन्यातच सगळ्यांना ठाऊक झाली, आणि ती तिच्या भाजणीमुळे. ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी, धणे, जिरं, आणि बाबांच्या आजारपणात डॉक्टरांनी सांगितल्यापासून थोडं सोयाबीन. प्रत्येक धान्य वेगळं निवडायचं, वेगळं भाजायचं. त्या वेळी स्वयंपाकघरात कुणी बोललेलंही तिला चालत नाही.

त्या भाजणीचं थालीपीठ माझ्या डब्यातून मुकेशशेठच्या तोंडात गेलं. ते चावायचे थांबले.

"साईं, ये आटा मिलेगा?"

"आई घरीच करते, शेठ."

"माझ्या बहिणीचा नवरा हॉलंडला किराणा दुकान चालवतो. तिकडे आपले लोक बहुत. तीनशे पाकीट भेजते हैं. चाललं तर हर महिना! लेबल आपल्याच प्रेसमध्ये, तू बना."

मी उडालो! आईची भाजणी युरोपात, आणि वर माझं लेबल! घरी येऊन एका दमात सगळं सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाकिटावर माझं नाव पायजे. पुढच्या अंगाला, मोठ्या अक्षरात. रखमाबाईंची भाजणी."

"आई, तिकडे जरा स्टायलिश नाव लागतं. मी विचार केलाय..."

"नाव असेल तर दळीन. न्हाईतर न्हाई."

मला वाटलं, म्हातारपणी हौस आलीय. अकरा वर्षं लेबलं वाचून मी एवढाच शहाणा झालो होतो.

आठ दिवसांनी हॉलंडहून फॅक्स आला, आणि त्यात एक नवीनच भानगड होती. युरोपात म्हणे दोन वर्षांपूर्वी नियम झालाय. ज्या पिकाच्या जनुकांत बदल केलाय, तसलं सोयाबीन किंवा मका मालात असेल, तर ते लेबलावर छापायचं. चुकून थोडं मिसळलं असेल तर सूट आहे, पण त्या धान्याच्या हजारात नऊ दाण्यांपर्यंतच. शिवाय ते चुकूनच आलं आणि ते येऊ नये म्हणून तुम्ही काळजी घेत होतात, हे दाखवता आलं पाहिजे. मी फॅक्स तीनदा वाचला. असा चविष्ट मजकूर बऱ्याच दिवसांत वाचला नव्हता!

आईला समजावून सांगितलं. "बियाण्यातच बदल करतात, आई. कीड लागू नये, तण मारायच्या औषधाने पीक मरू नये म्हणून."

"मग ते खाल्लं तर काय हुतंय?"

"काही लोक म्हणतात वाईट, काही म्हणतात काही होत नाही. नियम एवढंच म्हणतो, की असेल तर सांगा."

"मग सांगायचं की."

"हजारात नऊच्या खाली असेल तर सांगावं लागत नाही."

"म्हंजे थोडं असलं तर लपवायचं?"

"लपवायचं नाही गं. न सांगायचं."

"आन् फरक काय?"

प्रीती आत पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. मी म्हणालो, "फरक आहे. तांत्रिक आहे." आणि चपला घालून खाली गेलो.

घरातल्या डब्यातली वाटीभर भाजणी मुकेशशेठने मुंबईच्या लॅबला पाठवली. माझी खात्री होती, रिपोर्ट कोरा येणार. आपल्याकडे तसलं सोयाबीन पिकवायला परवानगीच नाही! पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. हजारात सहा.

मुकेशशेठ खूश. "नौ के नीचे है ना? पास! फक्त ते चुकून आलं, त्याचा कागद बनव."

आई मात्र खाटेवर बसूनच राहिली. "माझ्या भाजणीत? मी दाणा न् दाणा निवडलाय रे." तिला चोर म्हटलं असतं तरी इतकं लागलं नसतं. सोयाबीन ज्या हिरामणच्या दुकानातून आणलं होतं, त्याला मी विचारलं. त्याने लातूरच्या पोत्यावर हात ठेवून शपथ घेतली. राहिली गिरणी.

जयदेवची गिरणी आमच्या बिल्डिंगच्या मागे. सोनिवली तिथे दळते, आणि शेजारच्या चामटोली गावच्या बायकासुद्धा येतात. गिरणीत रांग लागते ती माणसांची नव्हे, डब्यांची, आणि त्या रांगेचं एक शास्त्र असतं. गव्हाच्या मागे गहू लागतो. बाजरीच्या मागे गहू लावला तर पोळ्या काळ्या होतात आणि जयदेवचा उद्धार होतो. डाळी, भाजण्या आणि कुठल्याच रांगेत न बसणारं सटरफटर बुधवारी दुपारी. एकादशीच्या आदल्या सकाळी राजगिरा आणि वरीचं उपासाचं पीठ, आणि त्याआधी जयदेव ब्रशने दगड झाडून घेतो. कुणामागे कुणाचं दळण लावायचं हे ठरवणं म्हणजे लग्नात व्याही-विहिणींना पंगतीत बसवण्यासारखं नाजूक काम आहे.

"जयदेव, खरं सांग," मी म्हणालो. "एकाचं पीठ दुसऱ्याच्या डब्यात जातं का?"

"साहेब, गिरणी आहे ही! दगड काय कपबशी आहे विसळायला? पसाभर मागे राहतंच. ते पुढच्याच्या डब्यात पडतं, त्याचं त्याच्या पुढच्याच्या. सगळ्यांचं सगळ्यांना पोचतं. आजवर कोण मेलं नाय!"

सापडलं! माझी ट्यूब पेटली. आता काळजी घेतल्याचा पुरावा तेवढा हवा होता. आणि लेबलवाल्याच्या दृष्टीने काळजी घेणं म्हणजे काय? लेबल लावणं! प्रेसमध्ये झुरळं मारायच्या औषधाचे पिवळे-लाल कागद उरले होते, त्यावर मी पाचशे स्टिकर छापले. 'सूचना: या डब्यात इतरांच्या पिठाचा अंश असू शकतो.' मुकेशशेठकडून मशीनवरचा सगळ्यात पक्का गोंद मागून घेतला. रविवारी सकाळी गिरणीत जाऊन रांगेतल्या चाळीसच्या चाळीस डब्यांवर मी ते स्वतःच्या हाताने डकवले, एकही तिरका नाही! जयदेवला फुकट मिळालेलं काहीही चालतं. तो म्हणाला, "भारी दिसतंय."

दहा वाजता बायका डबे न्यायला आल्या.

पहिल्या आल्या आमच्या बिल्डिंगमधल्या शीला टीचर. त्यांनी चष्मा लावून सूचना मोठ्याने वाचली आणि विचारलं, "'इतरांच्या' म्हणजे नक्की कुणाच्या?"

"कुणाच्याही असू शकतो, मॅडम," मी अभिमानाने म्हणालो.

तिथेच मी गप्प बसायला हवं होतं!

"म्हणजे आमच्या गव्हात तळमजल्यावाल्यांचं पीठ? त्यांच्याकडे किती किडे असतात धान्यात!"

"किडे तुमच्या तांदळात! मागे दळला तेव्हा उडत होते!"

"भैया, मेरा आटा वापस निकालो!"

"निघालेलं पीठ परत दाणे कसं होणार, भाभी?" जयदेव हात जोडून म्हणाला.

एवढ्यात चामटोलीच्या कौसाबाई पुढे आल्या. घरची शेती, दोन म्हशी, खणखणीत आवाज. आईची त्यांच्याशी या गिरणीतच मैत्री झाली होती, आणि बुधवारी दोघींचे डबे एकामागे एक असत.

"काय रं सम्या, उपासाच्या पिठान पन असा?"

"म्हणजे... तत्त्वतः हो, मावशी. अंश असू शकतो."

"गव्हाचा?"

"गव्हाचा, बाजरीचा..."

"मंजे माजं सतरा वर्सांचं उपास...?"

त्यांचा चेहरा बघून मी घाईघाईने म्हणालो, "मावशी, घाबरू नका. हजारात नऊपर्यंत चालतं!"

"देवाला?"

"युरोपला."

हे ऐकून त्यांचं समाधान झालं नाही. कुणीतरी विचारलं, की हे खूळ आलं कुठून? मग मी फाईल उघडली! काय गरज होती? पण मी उघडली, आणि लॅबचा रिपोर्ट वाचून दाखवला. गिरणीच्या आवाजात पुढच्या बायकांना अर्धं ऐकू आलं, त्यांनी मागच्यांना त्याच्या अर्धं सांगितलं. माझं वाचन संपेपर्यंत रांगेच्या टोकाला बातमी पोचली होती, की रखमाबाईंच्या भाजणीत कसलं तरी विषारी बी सापडलंय आणि गिरणीला सील लागणार!

आणि नेमकी तेव्हाच आई आली.

हातात ज्वारीचा डबा. डब्यावर लाल ऑइलपेंटने लिहिलेलं तिचं नाव. तिने डबा नेहमीच्या जागी ठेवला, कौसाबाईंच्या डब्यापुढे. कौसाबाई भेदरलेल्या होत्या. त्यांनी आपला डबा झटकन मागे ओढला आणि ओरडल्या, "जयदेव, माजं दलन रखमाच्या मागं नको!"

त्यांच्या डोक्यात फक्त तो रिपोर्ट होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण आईला रिपोर्ट ऐकू आला नव्हता. तिला ते एवढंच वाक्य ऐकू आलं. तिने वाकून डबा उचलला, पदर सारखा केला आणि चालू लागली.

मी मागोमाग घरी गेलो. आई ओट्यापाशी उभी राहून गव्हाच्या डब्यावरचं माझं पिवळं स्टिकर नखाने काढायचा प्रयत्न करत होती. तो डबा सकाळी गिरणीत दळायला होता, प्रीती नुकतीच घेऊन आली होती. स्टिकर निघत नव्हतं.

"आई, त्यांना तसं म्हणायचं नव्हतं."

"ठाव हाय मला."

"मग?"

खरवडता खरवडताच ती म्हणाली, "आमच्या गावात गिरणी आली तवा मी धा वर्षांची होते. बुद्धाला शरण जाऊन वर्ष-दीड वर्ष झालं असंल आमाला, पर गिरणीवाल्याला त्याचं काय? सगळ्यांचे डबे आत, रांगेत, त्यांवर नावं. आमचा डबा बाहेर, पायरीखाली. बाहेर हाय म्हंजे आमचाच, मग नाव कशाला? सांजच्याला सगळ्यांचं झालं की मग आमचं दळायचा. आन् आमचं झालं की ओंजळभर भुसा टाकायचा गिरणीत. का? तर आमचं पसाभर पीठ दगडाला ऱ्हाईल आन् सकाळच्याला दुसऱ्याच्या डब्यात जाईल म्हून. भुश्याचा आवाज येगळा येतो, सम्यक. खरखर करतो. आई माझा हात धरून उभी असायची. तो आवाज ऐकून मग आमी घरी जायचो."

मी ओट्याला टेकून उभा होतो. प्रीतीने गॅस बंद केला.

"गंमत अशी," आई म्हणाली, "सगळ्यांच्या मागं आमचं दळण. म्हंजे समद्या गावाचं पीठ आमच्या भाकरीत. आमचं कुनाच्यात न्हाई."

पाकिटावर नाव कशाला हवं होतं, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. माणसाने आईला विचारायचे प्रश्न मी फॅक्सला विचारत बसलो होतो. मला स्वतःची इतकी लाज क्वचितच वाटली असेल.

"शब्द दिलाय तर भाजणी दळीन मी," ती म्हणाली. "पर पाकिटावर माझं नाव नको. तुझं ते स्टायलिश टाक कायतरी."

सोमवारी मी प्रेसला दांडी मारली आणि केरोसीन, ब्लेड आणि चिंधी घेऊन गिरणीत गेलो. न नेलेले डबे अजून तिथेच होते. एकेक स्टिकर काढायला सुरुवात केली. मुकेशशेठचा गोंद! ब्लेड मोडलं, नख तुटलं, पण 'इतरांच्या पिठाचा' हे शब्द काही हलेनात.

जयदेव बाजूला बसून मजा बघत होता. "साहेब, तुमच्या स्टिकरांचं काम पक्कं बाकी! मागच्या वेळचं चंदेरी तर भारीच होतं."

"कुठलं चंदेरी?"

"चौकोनी डब्यावरचं. त्यावर इंग्लिशमध्ये कायतरी. ते जाडे दाणे होते ना तुमचे, बुधवारी दळले. मावशींच्या भाजणीच्या आधी तोच तर डबा होता. दोन्ही डबे मावशीच घेऊन गेल्या."

ब्लेड बाजूला ठेवून मी मनातल्या मनात ते स्टिकर पुन्हा वाचलं.

शुद्ध सोया! प्रॉडक्ट ऑफ यूएसए! ज्या अमेरिकेत बरंचसं सोयाबीन तसलंच पिकतं, आणि ते पाकिटावर छापायची सक्तीच नाही! म्हणूनच तर मला वाचताना काही खटकलं नव्हतं. गावभर शोधत फिरलो तो गुन्हेगार मीच, आणि गुन्ह्याच्या जागी स्वतःच्या नावाचं लेबलही लावून आलो होतो!

मी जयदेवला ते सांगून टाकलं आणि 'कुणाला बोलू नको' म्हणून बजावलं. तेवढ्यात कौसाबाई आल्या, रविवारी सोडून गेलेला डबा न्यायला. आल्या आल्या म्हणाल्या, "सम्या, रखमा मना रस्त्यान दिसली, पन बोलली नाय. काय झाला?"

मी सांगितलं. भुश्यापर्यंतचं सगळं सांगितलं. कौसाबाई धान्याच्या पोत्यावर टेकल्या. त्यांचा तो खणखणीत आवाज गेला कुठे कळेना.

"मना तसा नव्हता बोलाचा रं," त्या हळूच म्हणाल्या. मग उठून त्यांनी डबा काखेत घेतला. जाताना म्हणाल्या, "आमच्या गावान पन व्हता असा. मीन बगलाय."

मी त्यांना म्हणालो, की घरी येऊन आईशी बोला. त्या नको म्हणाल्या. "घरान बोलून काय? बोलले मी गिरनीन ना?"

बुधवार आला. गुरुवारी एकादशी, म्हणून सकाळी उपासाची पीठं दळून झाली होती. दुपारी आई मोठ्या ऑर्डरच्या भाजणीचे डबे घेऊन निघाली. मी हाफ डे टाकून डबे उचलायला बरोबर. गिरणीत पोचल्यावर तिने डबे रांगेत ठेवलेच नाहीत. बाजूला, दाराशी ठेवले.

"मावशी, आना की पुढे," जयदेव म्हणाला.

"सगळ्यांचं हुंदे आधी. मला घाई न्हाई."

मी काही म्हणणार, तर तिने नजरेनेच गप्प केलं. एकेकाचं दळण झालं. कुणी डाळ, कुणी भाजणी. त्या दिवशी बायका दळण झाल्यावरही घरी जाईनात, कारण कौसाबाई मांडीवर पितळी डबा घेऊन सकाळपासून तिथे बसल्या होत्या आणि कुणी विचारलं तर सांगत नव्हत्या. शेवटी आईचे डबे दगडावर गेले. गिरणीभर भाजणीचा खमंग वास सुटला. शेवटचा डबा भरला. जयदेवने सवयीने ब्रश उचलला.

"ठेव तो ब्रश!" कौसाबाई उठल्या. आवाज परत जागेवर आला होता. "झाडू नको. भुसा नको, तांदूल नको. तसाच माजा टाक वरशी."

जयदेवने पितळी डब्यात डोकावून बघितलं आणि चरकला. "मावशी, हा राजगिरा आहे! उपासाचा! सकाळी का नाय दिलात? आता भाजणी लागेल ना त्याला!"

"लागूंदे."

आई पुढे झाली. "कौसा, येडी हायस का? उद्या एकादशी. उपास मोडंल तुझा."

"सतरा वर्सांचा तं या सम्याच्या कागदान मोडलाच हाय," कौसाबाई म्हणाल्या. "अठरावा तुज्या पिठान मोडूंदे. माजं दलन रखमाच्या मागंच लागल. आयकलं का रं जयदेव? सगल्यांनी आयकला?"

राजगिरा दगडावर पडला. बारीक, सरसर आवाज आला. आई त्या आवाजाकडे कान देऊन उभी होती. तिने डोळ्यांना पदर लावला आणि मग म्हणाली, "गव्हाचा न्हाई हां अंश यात. ज्वारी-बाजरीचा हाय. देवाला सांग तसं." कौसाबाई फिस्सकन हसल्या. दोघी एकमेकींच्या दंडाला धरून हसत सुटल्या, आणि गिरणीतल्या इतर बायका पदराने तोंड झाकून हसत राहिल्या.

या आनंदात मी अलगद निसटणार होतो. पण जयदेवच्या पोटात कधी काही राहिलंय?

"आणि ते परकं सोयाबीन कुनाचं, ते विचारा साहेबांना!"

सगळ्या गिरणीने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. चंदेरी स्टिकरसकट सांगितलं. शीला टीचर इतक्या हसल्या, की त्यांचा चष्मा पिठात पडला.

आईने मात्र न हसता विचारलं, "म्हंजे ते हजारात सहा दाणे तुझे?"

"हो आई."

"बरं झालं," ती म्हणाली. "परकं न्हवतंच मग ते."

घरी जाताना हातातल्या डब्यांची चळत माझ्या कपाळापर्यंत आली होती, त्यामुळे माझे डोळे कुणाला दिसले नाहीत.

तीनशे पाकिटं हॉलंडला गेली. नव्या भाजणीचा रिपोर्ट अगदी कोरा आला. आईने पाकिटावरचं नाव परत मागून घेतलं, म्हणून लेबल मी चार वेळा केलं आणि आईने तीन वेळा नापास केलं. शेवटी पिवळसर कागदावर लाल अक्षरांत, डब्यावर आहे तसंच, 'रखमाबाईंची भाजणी' असं पाकिटाच्या अर्ध्या उंचीएवढं नाव आलं. खाली हिरवा ठिपका. ठिपका मी विसरलो नाही!

अंतिम प्रूफ दाखवायला घरी नेलं. आई नावावरून बोट फिरवत होती. तिचा मूड बघून मी हळूच म्हणालो, "आई, अगदी खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत माझंही नाव टाकू का? 'लेबल: सम्यक'. एवढंच. शेवटी या पाकिटात माझाही थोडा वाटा आहेच ना."

आईने प्रूफ बाजूला ठेवलं.

"तीस वर्षं मी भाजणी करते. तीस वर्षांत तुझा वाटा किती निघाला?"

"हजारात सहा."

"तो बी कसा आला?"

"चुकून."

"आन् नियम काय म्हनतो?"

नियम मला तोंडपाठ आहे, मीच तिला शिकवला होता. चुकून आलेलं हजारात नऊच्या खाली असेल, तर त्याचं नाव पाकिटावर लिहावं लागत नाही!